पाळीव सापाची पेटी: आधी उष्णतेचा हिशेब, मग खरेदी

साप पाळायचं ठरलं की बहुतेक जण आधी साप पसंत करतात, मग घाईघाईत एखादी काचेची पेटी आणतात आणि हीटरचा विचार सगळ्यात शेवटी करतात. हा क्रम उलटा करा. पेटी काचेची की लाकडाची, किती उंच, झाकण जाळीचं की बंद, यावर कुठला हीटर चालेल ते ठरतं. चुकीच्या पेटीत चांगला हीटरसुद्धा काम देत नाही. मग एकावर एक बल्ब लावले जातात, हवा कोरडी पडते आणि साप अर्धवट, तुकड्यातुकड्यांनी कात टाकायला लागतो.

सापाचं शरीर आपल्यासारखी ऊब तयार करत नाही. काही जातींच्या अजगरांची मादी अंड्यांना विळखा घालून स्नायू थरथरवते आणि थोडी ऊब निर्माण करते, पण तो अपवाद. एरवी सापाच्या हातात एकच उपाय असतो, जागा बदलणं. पचन करायचं असलं की तो उबेला जातो, पुरे झालं की गारव्याला. ऊब कमी पडली तर पोटातलं भक्ष्य पचण्याआधीच कुजायला लागतं आणि साप ते ओकून टाकतो. सतत गारठ्यात राहिला तर त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. म्हणून पेटीभर एकच तापमान ठेवणं उपयोगाचं नाही. एक टोक गरम, दुसरं गार आणि मधे हळूहळू उतरत जाणारी ऊब, अशी रचना आपल्याला करायची आहे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सापाची गरज आधी लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: पूर्ण वाढलेल्या सापाची लांबी, गरम आणि गार बाजूचं तापमान, आणि हवेतली आर्द्रता. नवख्यांकडे बहुधा जे साप असतात त्यांचे आकडे असे. बॉल पायथनला गरम जागा 31 ते 33 अंश सेल्सियस, गार बाजू 25 ते 27 आणि आर्द्रता साधारण 55 ते 70 टक्के लागते. कॉर्न स्नेकला 29 ते 31 अंशांची गरम जागा पुरते, गार बाजू 21 ते 24 असली तरी तो मजेत राहतो आणि आर्द्रता 40 ते 60 टक्के चालते. केनियन सँड बोआला गरम जागा 32 ते 35 अंश हवी आणि हवा बरीच कोरडी हवी. तो दिवसभर वाळूसारख्या मऊ थरात गाडून घेतो, त्यामुळे त्याच्या पेटीचा हिशेबच वेगळा होतो.

साप पिंजऱ्यात जन्मलेला आहे आणि तो पाळायला तुमच्या भागातला कायदा परवानगी देतो, याची खातरजमाही याच टप्प्यावर करा. रानातून पकडलेला साप पेटीत ठेवू नका. तो ताणाखाली खाणं सोडतो आणि बऱ्याचदा अंगावर आणि पोटात परजीवी घेऊन येतो.

मापाचा साधा नियम असा, की पेटीची लांबी सापाच्या लांबीपेक्षा कमी नसावी, म्हणजे त्याला एकदा तरी सरळ पसरता येतं. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनसाठी किंवा कॉर्न स्नेकसाठी 120 सेंटिमीटर लांब, 60 खोल आणि 60 उंच ही पेटी मी किमान धरतो. साप दीड मीटरचा निघाला तर पेटीही त्या मानाने वाढवा. लांबीचा आणखी एक फायदा आहे जो फारसा बोलला जात नाही. पेटी आखूड असेल तर गरम टोकाची ऊब गार टोकापर्यंत पोचते आणि गार टोक उरतच नाही. 60 सेंटिमीटरच्या पेटीत 32 आणि 25 अंश एकाच वेळी टिकवून दाखवणं फार अवघड आहे.

पिल्लाला मोठी पेटी घाबरवते असं म्हणतात. मोकळी, उघडीबोडकी पेटी नक्कीच घाबरवते. तीच पेटी झाडाच्या साली, पानं, फांद्या आणि चार-पाच आडोशांनी भरून टाकली की पिल्लू आपलं आपण कोपरे शोधतं. तरीही सुरुवातीचे काही महिने लहान टब वापरायचा असेल तर वापरा, फक्त मोठ्या पेटीची तयारी बाजूला चालू ठेवा.

पेटी कशाची?

काचेची पेटी दिसायला सुंदर आणि पुसायला सोपी असते, पण काच ऊब धरून ठेवत नाही. त्यात वर पूर्ण जाळीचं झाकण असलं की गरम, दमट हवा सरळ वर निघून जाते. खोली मुळातच उबदार आणि दमट असेल तर काच चालते. खोली थंड किंवा कोरडी असेल तर तिन्ही बाजू बाहेरून थर्माकोलने झाका आणि जाळीचा अर्धाअधिक भाग बंद करा. बल्ब जाळीवर ठेवणार असाल तर त्याच्या जवळपास जळेल असं काही लावू नका.

लाकडी पेटीला पुढे सरकत्या काचा असतात. लाकूड ऊब छान धरतं, पण पाणी मुरलं की फुगतं. आतले सगळे सांधे मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने भरा आणि त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. हवेसाठी एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर झरोका ठेवा. गरम हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी आत येते.

पीव्हीसीच्या पेट्या हलक्या असतात, ऊब आणि ओलावा दोन्ही धरतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. बॉल पायथनसारख्या दमट हवा लागणाऱ्या सापासाठी माझी पहिली पसंती हीच. प्लॅस्टिकच्या टबमध्ये तात्पुरतं, आजारी सापाला वेगळं ठेवण्यापुरतं ठीक आहे. टबमध्ये वरून बल्ब कधीच लावायचा नाही, प्लॅस्टिक वितळतं.

पेटी कुठलीही घ्या, फट तपासा. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. सरकत्या दोन काचा एकमेकींवर येतात तिथली उभी फट, वायर आत नेण्याचं भोक आणि झाकणाचे कोपरे या तीन जागा बोटाने चाचपून बघा. काचेला कुलूप लावा. साप नाकाने ढकलत ढकलत काच सरकवतो, आणि हे काम तो रात्रभर न थकता करू शकतो.

पेटी ठेवायची कुठे? खिडकीच्या उन्हापासून दूर. काचेच्या पेटीवर थेट ऊन आलं तर काही मिनिटांत आत भट्टी होते आणि सापाला पळायला जागा नसते. स्पीकर, वॉशिंग मशीन किंवा धाडकन लागणारं दारही जवळ नको, कारण सापाला जमिनीतून येणारी कंपनं चांगली जाणवतात.

हीटर निवडताना

हीटर दोन तऱ्हांचे: खालून पृष्ठभाग तापवणारे आणि वरून ऊब देणारे.

हीट मॅट म्हणजे चपटी, कमी वॅटची चटई. ती काचेच्या पेटीला बाहेरून, तळाखाली, एका टोकाला लावायची आणि तिने तळाचा साधारण एक तृतीयांश भागच व्यापावा. पेटीला खाली छोटे पाय लावून हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर उष्णता कोंडते. इथे एक गैरसमज हमखास होतो. मॅट पृष्ठभाग तापवते, हवा नाही. खोली 18 अंशांवर गेली तर मॅटवरची काच 32 दाखवेल, पण साप श्वास घेतो ती हवा गारच राहील. शिवाय मॅटवर सात-आठ सेंटिमीटर जाड थर अंथरला की वर ऊब पोचत नाही, आणि खाली काच मात्र तापत राहते. गाडून घेणारा साप नेमका तिथेच जाऊन बसतो. मॅट असेल तर त्या टोकाचा थर एक-दोन सेंटिमीटरच ठेवा. लाकूड किंवा पीव्हीसीच्या पेटीत मॅट फारशी उपयोगाची नाही.

वरून ऊब देणाऱ्यांमध्ये हॅलोजनचा फ्लड बल्ब, म्हणजे उजेड रुंद पसरवणारा बल्ब, मला दिवसासाठी सगळ्यात चांगला वाटतो. त्यातून उजेड येतो आणि उन्हासारखी, अंगात थोडी खोल शिरणारी अवरक्त किरणं येतात. त्याच्याखाली एखादा सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवला की तो तापतो आणि साप त्यावर पसरतो. रात्री मात्र हा बल्ब बंद हवा. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्ब घेऊ नका. सापाला तो उजेड दिसत नाही असं सांगून ते विकले जातात, पण रात्री खरा अंधारच लागतो.

रात्रीची ऊब लागत असेल तर सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर, म्हणजे बल्बसारखे होल्डरमध्ये बसणारे, फक्त ऊब देणारे हीटर. दोन्ही उजेड देत नाहीत. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग इतका तापतो की बोट लागताच भाजतं, म्हणून त्याला चिनी मातीचाच होल्डर हवा. तो हवा कोरडी करतो, याचीही आधीच तयारी ठेवा. रेडियंट पॅनल ही छताला लागणारी चपटी पाटी मोठ्या पीव्हीसी पेटीत उत्तम काम करते आणि जागाही खात नाही.

पेटीच्या आत बल्ब किंवा सिरॅमिक हीटर असेल तर त्याला तारेची जाळी बसवल्याशिवाय साप सोडू नका. साप उबेसाठी बल्बलाच विळखा घालतो आणि भाजतंय हे कळूनही अनेकदा लगेच बाजूला होत नाही. पोटाचे खवले तपकिरी पडतात, मग फोड येतात, आणि ते बरं व्हायला कित्येक महिने, कित्येक काती लागतात. वीज जोडलेले ‘गरम दगड’ मिळतात, तेही याच कारणासाठी घेऊ नका. ते एका ठिकाणी बेसुमार तापतात.

वॅट किती? पेटीचं माप, मटेरियल आणि खोलीचं तापमान यावर ते ठरतं. 120 सेंटिमीटरच्या बंद पेटीला 75 ते 100 वॅटपासून सुरुवात करा. हीटर थोडा जास्त ताकदीचा असला तर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की हीटर आपोआप आवरणारं उपकरण, त्याला सांभाळतं. कमी ताकदीचा हीटर दिवसरात्र पूर्ण जोरात चालतो आणि तरी कमीच पडतो.

थर्मोस्टॅटशिवाय हीटर नको

ही एकच गोष्ट ऐच्छिक नाही. मोकळी सोडलेली हीट मॅट काचेला 45 अंशांच्याही वर नेऊ शकते.

थर्मोस्टॅटचे प्रकार तीन. चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट मॅटला पुरतो. पल्स थर्मोस्टॅट हीटरला थोडी थोडी, तुटक वीज देऊन तापमान स्थिर ठेवतो. तो सिरॅमिक हीटर आणि पॅनलला चांगला. हॅलोजनला डिमिंगचाच हवा, कारण तो बल्ब मंद-प्रखर करतो. साध्या थर्मोस्टॅटवर बल्ब सारखा उघडझाप करतो, सापाला त्रास होतो आणि बल्बही लवकर जातो. थर्मोस्टॅटवर लिहिलेली वॅटची मर्यादा हीटरच्या वॅटपेक्षा जास्त आहे ना, तेही बघा.

आता प्रोबबद्दल, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाला असणाऱ्या त्या छोट्या संवेदकाबद्दल. माझ्या पहिल्या पेटीत मी तो आत, मॅटच्या वर, चिकटपट्टीने लावला होता. एका सकाळी पेटीजवळ गेलो तर कॉर्न स्नेक गार टोकाच्या पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला. कधी पाण्यात न बसणारा साप. आत हात घातला तर चिकटपट्टी सुटलेली, वायर ओढली गेलेली आणि प्रोब भांड्याला टेकून पडलेला. प्रोबला गारवा लागत होता, म्हणून थर्मोस्टॅट मॅटला थांबवतच नव्हता. गरम टोकाच्या काचेवर टेम्परेचर गन, म्हणजे रोखलेल्या पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं यंत्र, धरली: 47 अंश. तो साप रात्री तिथून उठून पाण्यात गेला म्हणून वाचला. त्या दिवसापासून पेटीत चिकटपट्टी नाही. चिकटपट्टीचं आणखी एक वाईट आहे, सुटलेली पट्टी सापाच्या अंगाला चिकटली की सोडवताना खवले निघतात.

म्हणून मॅट असेल तर प्रोब बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मधे बसवा, म्हणजे साप तिथे पोचतच नाही. मग थर्मोस्टॅटवरचा आकडा दोन-तीन अंश जास्त ठेवावा लागेल. नेमका किती, ते आतला पृष्ठभाग मोजूनच ठरवायचं. वरून ऊब देणारा हीटर असेल तर प्रोब गरम टोकाच्या भिंतीला, साप बसतो त्या उंचीच्या जवळ, स्क्रू आणि क्लिपने पक्का करा.

वायर पेटीतून निघून प्लगकडे जाताना आधी थोडी खाली लोंबून मग वर जाऊ द्या. पाणी ओघळलं तर ते त्या लोंबत्या भागातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. एका एक्स्टेन्शन बोर्डावर चार हीटर लादू नका आणि खोलीत धुराचा अलार्म लावा.

मोजायचं कशाने?

काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर फसवे असतात; ते काचेजवळच्या हवेचा अंदाज देतात, तोही धड नाही. दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्यांच्या वायरचं टोक हवं तिथे ठेवता येतं. एक गरम आडोशाच्या आत, एक गार आडोशाच्या आत. त्यांच्यातच आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर असला तर सोयीचं. आणि एक टेम्परेचर गन, कारण दगडाचा, काचेचा, फांदीचा पृष्ठभाग किती तापलाय हे दुसऱ्या कशाने पटकन कळत नाही. गन फक्त पृष्ठभाग मोजते, हवा नाही. काचेबाहेरून आत रोखली तर ती काचेचंच तापमान दाखवते, म्हणून दार उघडून मोजा.

थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा हा त्याच्या प्रोबच्या जागेचा आकडा असतो. साप जिथे बसतो तिथे तोच असेल असं धरून चालू नका.

आतली मांडणी

दोन आडोसे हवेतच, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, शक्यतो अगदी सारखे. एकच आडोसा असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि भित्रा साप सुरक्षितता निवडून गारठत राहतो. आडोसा घट्ट हवा. वेटोळं घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतीला टेकायला हव्यात.

अंथरायला नारळाच्या सोडणांचा चुरा दमट हवेच्या सापांना छान, अॅस्पेन लाकडाचा भुसा कोरड्या हवेच्या सापांना. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं सापाला बाधतात. पाण्याचं भांडं जड, उलटणार नाही असं. ते गार टोकाला ठेवा. आर्द्रता कमी पडत असेल तर गरम टोकाकडे सरकवा, बाष्प वाढतं. कात टाकायच्या दिवसांत, डोळे दुधाळ झाले की, ओलसर शेवाळ भरलेला एक बंद डबा भोक पाडून आत ठेवला तर कात डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध निघते.

तीन दिवस रिकामी पेटी

सगळं जोडून झालं की साप न आणता पेटी तीन दिवस चालवा. पहाटे, भर दुपारी आणि रात्री झोपताना चार गोष्टी मोजून वहीत लिहा: गरम जागेचा पृष्ठभाग, गरम आडोसा, गार आडोसा, आर्द्रता. पहाटेची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण खोली तेव्हा सगळ्यात गार असते. रात्री तीन-चार अंशांची घसरण चालते, पण बॉल पायथनच्या पेटीचं गरम टोक 24 च्या खाली जाऊ देऊ नका.

आकडे जुळत नसतील तर एका वेळी एकच बदल करा आणि काही तास थांबा. गरम जागा बरोबर पण गार टोकही तापलेलं असेल तर हीटर आणखी कडेला न्या किंवा झरोका वाढवा. पृष्ठभाग 38 आणि हवा जेमतेम 25 असेल तर बल्ब फार जवळ आहे, तो वर घ्या किंवा दगड खाली करा. हवा बरोबर पण आर्द्रता 35 असेल तर आधी जाळी झाका, मग भांडं सरकवा, पाणी फवारणं शेवटी. फवारलेलं पाणी तासाभरात उडून जातं आणि ओला थर मागे राहतो. सतत ओल्या थरावर बसलेल्या सापाच्या पोटावर फोड येतात.

वीज गेली तर, उकाडा वाढला तर

निरोगी सापाला काही तासांचा गारवा सोसतो. पेटी ब्लँकेटने गुंडाळा, झरोके उघडे ठेवा. खोली फारच गार होत असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा. नुकतंच खाल्लेला साप मात्र आधी सांभाळायचा, आणि वीज वारंवार जाण्याच्या दिवसांत खाऊ घालणंच पुढे ढकलायचं.

उकाडा जास्त घातक आहे. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. खोली 32 अंशांवर गेली की गार टोकही 32 होतं आणि सापाला जायला जागा उरत नाही. पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर उतरवा, पंखा खोलीत फिरू द्या, गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून गार टोकाला बाहेरून लावा.

साप आल्यावर

पहिला आठवडा हात लावू नका, खायलाही साधारण आठवड्याने द्या. रोज फक्त तो कुठे बसलाय ते वहीत लिहा. सतत गरम टोकाला चिकटून असेल तर गार टोक जास्त गार आहे, किंवा तिथला आडोसा त्याला आवडलेला नाही. सतत गार टोकाला असेल तर गरम टोक पुन्हा मोजा. पाण्यात तासन्‌तास बसला तर उकडतंय, नाहीतर अंगावर पिसवांसारख्या बारीक माइट्स आहेत. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, घरघर, नाकाशी बुडबुडे दिसले तर हीटरशी खेळत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

खाल्ल्यानंतर 48 तास त्याला उचलू नका. त्या काळात तो बहुधा गरम आडोशात जातो, मधला भाग फुगलेला, डोकं तेवढं दाराशी. ओकलं तर लगेच पुन्हा खाऊ घालू नका. दोन आठवडे थांबा आणि तोवर गरम जागेचं तापमान रोज पहाटे मोजा. महिन्यातून एकदा प्रोब आणि वायर हाताने तपासा, जाळीचे स्क्रू घट्ट करा आणि एक जादा बल्ब घरात ठेवा. बल्ब जातो तो नेमका रात्री, दुकानं बंद झाल्यावर.